वस्तीत नाहीतर एमआयडीसीच्या गेटवर पौष्टिक खाण्याची गाडी लावायची असेल तर: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

पौष्टिक खाण्याची गाडी काढणारे बहुतेक जण सुरुवातच उलट्या टोकाकडनं करतात. आधी टेम्पो घ्यायचा, त्याला हिरवा रंग मारायचा, वर मोठ्ठं 'हेल्दी' लिहायचं, मेन्यूत ओट्स, सॅलड, ब्राऊन राईस टाकायचा आणि गाडी नेऊन उभी करायची कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत नाहीतर राजेंद्रनगरच्या वस्तीत. आता तिथला माणूस फाउंड्रीत आठ तास ओतकाम करून बाहेर आलेला असतोय, त्याला पोटभर पाहिजे, झणझणीत पाहिजे आणि खिशात चाळीस-पन्नास रुपये असतात, तो बोर्ड वाचतो आणि पुढच्या वडापावच्या गाड्यावर जातो. महिन्याभरात गाडी बंद, आणि मालक सगळ्यांना सांगत फिरतोय की गरिबांना चांगलं खायचंच नसतंय. तसं काही नसतंय ओ. क्रम चुकलेला असतोय.

क्रम असा धरा: आधी माणसं, मग मेन्यू, मग हिशोब, मग कागद, आणि गाडी त्याच्यानंतर. हे वाचून लगेच गाडी बघायला जाणार असाल तर निदान तिसरा टप्पा होईपर्यंत तरी टोकन देऊ नका.

टप्पा १: जागेच्या आधी वेळ ठरवा

जागा कुठली असं सगळे विचारतात, पण तिथला माणूस किती वाजता भुकेला असतोय ते आधी बघायला लागतंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसी, शहरातलं शिवाजी उद्यमनगर, सगळीकडं शिफ्ट आहे पण प्रत्येक कारखान्याची सुटायची आणि जेवायची वेळ वेगळी. मोठ्या कंपनीत कॅन्टीन असतंय, तिथल्या गेटवर तुम्हाला दुपारी गिऱ्हाईक मिळणार नाही, पण त्याच कंपनीचे कंत्राटी कामगार आणि ट्रकवाले बाहेरच खातात. बांधकामावरचा मजूर सकाळी आठच्या आत खाऊन कामाला लागतोय. घरकाम करणाऱ्या बायका सकाळी न खाताच निघतात आणि दोन घरं झाल्यावर अकराच्या सुमाराला त्यांना काहीतरी लागतंय, ही वेळ कुणीच धरत नाही. ऊस हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, कारखान्यांच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, ते भाकरी स्वतः करतात पण कालवणाला आणि पोरांच्या खाण्याला अडचण असते.

म्हणून निदान आठवडाभर नुसतं जाऊन उभं राहा. वही घ्या आणि दर अर्ध्या तासाला लिहा: किती माणसं खायला थांबली, काय खाल्लं, किती रुपये दिले, बसून खाल्लं का उभ्यानं का बांधून नेलं. पगाराच्या आठवड्यात एकदा आणि महिनाअखेरीस एकदा असं दोनदा केलं तर सोन्याहून पिवळं, कारण २५ तारखेनंतर त्याच माणसाचं खाणं चाळीसवरनं वीसवर येतंय आणि तुमच्या मेन्यूत वीस रुपयाचं काही नसलं तर तो तुमचा राहत नाही.

आणखी एक, जवळ शिवभोजन केंद्र (सरकारी स्वस्त थाळीचं) चालू आहे का बघा. तिथं दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो, त्या दराशी तुम्ही भिडू शकणार नाही आणि भिडायचं कारणही नाही. तिथली वेळ संपल्यानंतरची किंवा सकाळच्या नाष्ट्याची वेळ तुम्ही धरा.

तपासा: वही बघून ‘सकाळी ७ ते ९:३०, साधारण इतकी माणसं, तीस-चाळीस रुपये, उभ्यानं’ असं एका ओळीत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर अजून चार दिवस जा.

टप्पा २: मेन्यू, म्हणजे जे खातात तेच पण आतनं बदललेलं

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात म्हणून जरा निवांत लिहितो.

नवीन पदार्थ शिकवायला जाऊ नका. माणूस मिसळ खातोय तर त्याला मिसळच द्या, पण मटकी दुप्पट, फरसाण निम्मं आणि तेल मोजून. चहा-बटर खाणाऱ्याला अंडं आणि भाकरी द्या. पोहे खाणाऱ्याला पोहेच द्या, त्यात मूठभर शेंगदाणे, वाटाणा नाहीतर उकडलेली मटकी जास्त टाका आणि वर लिंबू पिळा. कोल्हापुरात तिखटाला हात लावायचा नाही! कांदा-लसूण चटणी कमी केली की चव गेली, चव गेली की गिऱ्हाईक गेलं. आणि तिखटाचं भांडण नाहीच आहे आपलं, भांडण तेल, मीठ, मैदा आणि साखरेचं आहे.

*तेल.* बहुतेक गाड्यांवर तेल पातेल्यात डोळ्यानं ओततात. तुम्ही मापानं घाला. पंधरा मिली तेल म्हणजे मोठा चमचा एक, त्यातनं सव्वाशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि झणझणीत मिसळीच्या ताटलीत असे दोन-तीन चमचे सहज तरंगत असतात. उपाय साधा आहे, कट पातळ आणि चवीला तेज करायचा (भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, चटणी यांचं वाटण दाट असलं की तेल कमी पडलेलं कळत नाही) आणि तर्री वेगळ्या लहान भांड्यात काढून ठेवायची, मागेल त्याला छोट्या चमच्यानं वाढायची. न मागता कुणाच्या ताटलीत तर्री टाकायची नाही आणि मागितली तर भाषण द्यायचं नाही, वाढायची. तेल एका दिवसात निम्मं करू नका, तीन-चार आठवड्यात थोडं थोडं खाली आणा, जीभ सवयीनं बदलते.

*मीठ.* जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असा आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराचा. आता चटणीत मीठ असतंय, फरसाणात असतंय, पावात असतंय आणि उसळीत तुम्ही वरनं घालताय. तर उसळीतलं मीठ चटणी घालून झाल्यावर चव बघूनच घाला, आधी नाही. गाडीवर मिठाची वाटी उघडी ठेवू नका, मागितलं तर द्या. लिंबाची फोड मात्र सगळ्यांना. आंबट लागलं की मीठ कमी असलेलं चालून जातंय, शिवाय कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं सी जीवनसत्त्व मदत करतंय.

फाउंड्रीतल्या माणसाचा घाम जास्त जातोय हे खरं आहे, त्याच्यासाठी ताक आणि लिंबूपाणी ठेवा, मग जेवण खारट करायची गरज राहत नाही.

*पाव.* मिसळीबरोबर आपल्याकडं स्लाइस ब्रेड चालतो आणि तो मैद्याचा. ब्राऊन ब्रेड आणून पौष्टिक झालं असं समजू नका, बऱ्याचदा तो मैद्याचाच असतोय आणि रंग कॅरॅमलचा. पाकिटामागं घटक बघा, पहिलं नाव गव्हाच्या आट्याचं असलं तरच घ्या. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी चांगली, पण भाकरी गाडीवर थापत बसलात तर रांग अडते. जवळच्या बचत गटाकडनं नाहीतर वस्तीतल्याच दोन-तीन घरांतनं भाकरी बांधून घ्या, त्यांनाही काम मिळतंय आणि ‘आमच्या गल्लीतली गाडी’ हे नातं तयार होतंय, ते जाहिरातीपेक्षा मोठं आहे. दोन्ही ठेवा, स्लाइस पण आणि भाकरी पण, फक्त भाकरीचा दर स्लाइसपेक्षा जास्त लावू नका.

*आंबील आणि सत्तू.* नाचणीत १०० ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतंय, आणि आंबील म्हटल्यावर कोल्हापूरकराला समजवायला लागत नाही. एमआयडीसीत बिहार-यूपीकडची पोरं जास्त असतील तर सत्तू ठेवा: फुटाण्याचं पीठ, पाणी, कांदा, लिंबू, हिरवी मिरची, चिमूटभर मीठ. पीठ गिरणीतनं दळून आणता येतंय. त्यांच्यासाठी हे गावाकडचं पेय आहे आणि तुमच्यासाठी सगळ्यात कमी कटकटीचा पदार्थ.

*काय ठेवायचं नाही.* कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवू नका, एकदा फ्रिज आला की कंपनीवाला बोर्ड लावून जातोय आणि मग लोक तुमच्याकडं तेच प्यायला येतात. तळण शक्यतो नकोच. ठेवलंच तर एकच पदार्थ आणि तेल परत परत तापवायचं नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) नियमात तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून खराब झालं की वाढणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही असं आहे, गाडीवर ते मोजायला यंत्र नसतंय, म्हणून काळपट, चिकट, फेसाळ तेल दिसलं की संपलं.

मेन्यू चार पदार्थांचा, जास्तीत जास्त पाच. उदाहरणार्थ: मटकी उसळ-भाकरी, दाण्याचे पोहे, उकडलेलं अंडं, आंबील नाहीतर ताक. श्रावणात आणि नवरात्रात अंडी कमी खपतात ते धरून चाला. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी ठेवलीत तर चालते, पण भगरीचं तयार सुटं पीठ आणून साठवू नका, ओलाव्यानं बुरशी धरते आणि त्यातनं विषबाधा होते.

थांबा: बोर्डावर 'हेल्दी', 'डाएट', 'लो कॅलरी' लिहू नका. ‘आजारी माणसाचं खाणं’ आणि ‘महाग’ असे दोनच अर्थ लोक त्यातनं काढतात. 'पोटभर उसळ-भाकरी' लिहा, दर मोठ्या अक्षरात लिहा.

टप्पा ३: एका ताटलीचा हिशोब

भाव रोज हलतात म्हणून खालचे आकडे नुसते रीत कळायला धरलेत, तुमच्या दुकानदाराचे भाव टाकून परत मांडा. धान्य-कडधान्य लक्ष्मीपुरीतनं, भाजी मार्केट यार्डातनं, आणि भाव किलोत नाही तर ताटलीत लिहायचा.

सुकी मटकी ६० ग्रॅम, १२० रुपये किलोनं ७.२० रुपये. भाकऱ्या दोन, आठ रुपये (पीठ आणि थापणाऱ्या बाईची मजुरी धरून तुमच्याकडं जास्तच येतील, ते टाका). वाटण-मसाला ४, तेल १, गॅस २.५०, कांदा-लिंबू १.५०. झाले २४.२० रुपये. विक्री ४० ला. ताटलीमागं १५.८० राहिले.

आता इथं लोक ८० ताटल्या गुणिले १५.८० करतात, १,२६४ रुपये नफा म्हणतात आणि खूश होतात. त्यातनं डिझेल २००, मदतनीस ५००, गाडीचा हप्ता-दुरुस्ती-पाणी मिळून २०० काढा, म्हणजे ९०० गेले आणि तुमच्या हातात ३६४ राहिले. आणि हे सगळं खपलं तर. ८० चा माल केला आणि ६० खपल्या तर गल्ल्यात २,४००, माल १,९३६, वरचा खर्च ९००, म्हणजे ४३६ रुपये तोटा. नुसत्या वीस ताटल्या उरल्या तर एवढा फरक पडतोय. या हिशोबानं ८० चा माल केला तर ७१ ताटल्या खपल्याशिवाय तुमची मजुरी सुरूच होत नाही.

म्हणून दोन गोष्टी. पहिले पंधरा दिवस अंदाजापेक्षा कमीच करा, लवकर संपलं तर लोक उद्या लवकर येतात. आणि हाफ ठेवा: एक भाकरी आणि निम्मी उसळ वीस रुपयात. महिनाअखेरीला गाडी हाफवरच चालते.

दर कमी करायसाठी मटकी कमी करू नका, ही चूक हमखास होते. रस्सा वाढवून मटकी निम्मी केली की पोट भरत नाही आणि माणूस पुढं जाऊन वडापाव खातोयच. दर उतरवायचा असेल तर मटकी महाग झालेल्या आठवड्यात चवळी नाहीतर हरभरा लावा.

तपासा: घरी दहा ताटल्या करून, वजन करून, ओळखीच्या नसलेल्या दहा जणांना खायला द्या. अर्धवट कितींनी टाकली ते बघा. “छान आहे” म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ताटली बघा.

टप्पा ४: कागद

हे कंटाळवाणं आहे पण गाडी घ्यायच्या आधीच लावा.

अन्नाचं रजिस्ट्रेशन: एफएसएसएआयच्या फोसकॉस पोर्टलवर छोट्या धंद्यासाठी बेसिक रजिस्ट्रेशन असतंय. स्वयंपाक घरी आणि विक्री गाडीवर असा प्रकार असेल तर अर्जात दोन्ही स्पष्ट लिहा, नाहीतर तपासणीला अडचण येते. फी पोर्टलवर दिसते तेवढीच, एजंटला काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. नंबर गाडीवर दिसेल असा लावा.

फेरीवाल्याचा परवाना: फेरीवाला कायदा २०१४ चा आहे, त्यात सर्वेक्षण, शहर फेरीवाला समिती आणि विक्री प्रमाणपत्र अशी पद्धत आहे. महापालिका हद्दीत उभं राहायचं असेल तर महापालिकेत, एमआयडीसीच्या रस्त्यावर असेल तर तिथल्या एमआयडीसी कार्यालयात आणि गावाच्या हद्दीत ग्रामपंचायतीत विचारा. शिरोलीत कुठला रस्ता कुणाचा यातच लोकांचे दोन महिने जातात, म्हणून जागा नक्की करताना हद्द पण विचारून घ्या.

शाळेजवळ लावणार असाल तर २०२० च्या नियमानं शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत.

पैसे कमी पडत असतील तर पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना बघा. २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५ हजारापर्यंत, ते फेडलं की दुसरं २५ हजार, मग ५० हजार, आणि वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सवलत. या पैशातनं गाडी येत नाही. भांडी, शेगडी, पहिला माल येतो, आणि खरं तर सुरुवातीला तेवढंच लागतंय.

टप्पा ५: गाडी

हातगाडा, तीनचाकी, जुनी ओम्नी, छोटा हत्ती, काहीही चालतंय. दोन-तीन ठिकाणं एका दिवसात करायची असतील तरच इंजिनवाली घ्या. पहिल्या महिन्यात भाड्याची गाडी आणि फोल्डिंग टेबल पुरतंय, आणि हे मी आग्रहानं सांगतोय, कारण फॅब्रिकेशनवाल्याकडं गाडी गेली की स्टीलच्या पत्र्यात लाखाच्या वर कधी गेले ते कळत नाही. गाडीच्या बॉडीत बदल करणार असाल तर आधी आरटीओची परवानगी, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती लागते, नाहीतर विमा पण अडतोय.

आत काय पाहिजे तर: टेबलाची उंची वाढणाऱ्याच्या कमरेला येईल अशी, दोन बर्नरची शेगडी, झाकणाची पातेली, भाकरीला टोपलं आणि कॉटनचं कापड, एक आइसबॉक्स, वजनकाटा, आणि साधा सुईवाला थर्मामीटर. वजनकाटा आणि थर्मामीटर सगळे वगळतात. वगळू नका.

पाण्याचे दोन वेगळे साठे ठेवा, एक पिण्या-स्वयंपाकाचा आणि एक धुण्याचा, आणि दोन्हीला नळ, बुडवून काढायचं नाही. हात धुवायला तिसरा छोटा कॅन साबणासकट. ताटली-चमचे धुवायला प्रत्येकी निदान पाऊण लिटर धरा, म्हणजे ८० ताटल्यांना साठ लिटर. २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातनं काविळीची साथ आली होती, ते लोक विसरलेले नाहीत. गाडीवरच्या पाण्यानं एकदा कुणी आजारी पडलं की वस्तीत ती बातमी संध्याकाळपर्यंत पोचते.

थांबा: घरगुती सिलेंडर गाडीवर चालत नाही, व्यावसायिकच घ्या. सिलेंडर उभा, साखळीनं बांधलेला, शेगडीपासून लांब. नळीवर छापलेली तारीख बघा. गाडी रस्त्यानं नेत असताना रेग्युलेटर बंद, यात सवलत नाही.

टप्पा ६: आदल्या दिवशी

मटकीचं गणित असं: सकाळी सातला विकायची मटकी आदल्या दिवशी संध्याकाळी भिजवून चालत नाही. दोन दिवस आधी सकाळी निवडून, पिण्याच्या पाण्यात भिजवा, आठ-दहा तासांनी निथळून कापडात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड बघा, म्हणजे विकायच्या आदल्या संध्याकाळी ती तयार असते. उन्हाळ्यात मोड लवकर येतात आणि लवकर आंबतात, थंडीत वेळ लागतो. एक किलो सुकी मटकी मोड येऊन दोन-सव्वादोन किलो होते, भांडं त्या मापाचं घ्या.

पावसाळ्यात कोल्हापुरात हवेत एवढा दमटपणा असतोय की बांधलेली मटकी चिकट होते. वास आला, तार सुटली, तर फेकायची, धुऊन वापरायची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मोडाचा नाद सोडून भिजवून उकडलेली चवळी-हरभरा ठेवला तरी काही बिघडत नाही.

कच्ची मोडाची कडधान्यं गाडीवर देऊ नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते त्यातच जंतू पण वाढतात. पूर्ण शिजवूनच द्या.

आंबिलीसाठी नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवा, सकाळी शिजवा. ताक त्यात आत्ता घालायचं नाही, गार झाल्यावर आणि विकायच्या आधी.

वाटण रात्री भाजून, वाटून फ्रिजमध्ये. कांदा मात्र सकाळीच चिरा.

टप्पा ७: सकाळ

क्रम मोडू नका. पहिल्यांदा उसळ, तिला वेळ लागतो. ती शिजते तोपर्यंत अंडी. मग भाकऱ्या आणायला माणूस पाठवा. आंबील गार करून आइसबॉक्समध्ये. पोहे सगळ्यात शेवटी, तेही गाडीवरच फोडणीला टाकायचे, घरनं करून नेले की नऊपर्यंत वाळून खडखडीत होतात आणि मग लोक वरनं तेल घाला म्हणतात.

गरम भाकऱ्या डब्यात बंद केल्या की घाम सुटून पिचपिचीत होतात. कापडात, टोपल्यात, वर दुसरं कापड.

तापमानाचा नियम एवढाच लक्षात ठेवा: गरम खाणं ६० अंशाच्या वर, गार खाणं ५ अंशाच्या खाली, मधल्या पट्ट्यात अन्न रेंगाळलं की जंतू वाढतात. उसळीचं पातेलं मंद आचेवर ठेवून दर तासाला थर्मामीटर टाकून बघा, साठच्या खाली गेली की दणकून उकळी. बर्फ बाहेरनं भांड्याला लावायचा, पेल्यात टाकायचा नाही. अंडी एकदम सगळी उकडू नका, संपतील तशी उकडा आणि गिऱ्हाईक आल्यावर सोला.

तपासा, निघायच्या आधी: लिंबू, चमचे, सुटे पैसे, पिण्याचं पाणी, साबण, झाकणं, कचऱ्याची पिशवी, माचीस. यातलं एक विसरतंच, म्हणून यादी गाडीच्या दारावर चिकटवा.

टप्पा ८: विक्री

पैसे घेणारा आणि वाढणारा वेगळा. एकटेच असाल तर पैसे डब्यात गिऱ्हाईकानंच टाकायचे, क्यूआर लावा, नोट हातात घेऊन त्याच हातानं भाकरी द्यायची नाही.

वाढायला एकच डाव, आणि तो डाव वजनकाट्यावर एकदा मोजलेला. मदतनीस बदलला की माप बदलतंय आणि महिन्याचा हिशोब बिघडतोय.

वर्तमानपत्रात बांधून द्यायचं नाही, शाई अन्नात उतरते आणि नियमानं बंदीही आहे. डबा आणणाऱ्याला दोन रुपये कमी लावा, वस्तीतनं बायका पातेलं घेऊन येतात, पोराबाळांना एकदम नेतात, ते तुमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक.

बोलण्याचं सांगतो. “दादा, तर्री कमी खावा, हार्टला वाईट” असलं काही बोलू नका. तो पैसे देऊन खातोय. विचारलं तरच सांगा. “मामा, आज भाकरी गरम हाय, स्लाइस र्‍हाऊ दे की” एवढ्यावर काम होतंय.

उधारी: द्यायचीच असेल तर ओळखीच्यालाच, आठवड्याची मर्यादा ठरवून, वहीत त्याच्यासमोर लिहून, आणि पगाराच्या दिवशी गाडी कुठल्याही परिस्थितीत लावायची. त्या दिवशी सुट्टी घेतली की पैसे बुडाले.

आणि वेळ पाळा. गाडी आज सातला, उद्या साडेसातला असं झालं की शिफ्टचा माणूस दोनदाच वाट बघतोय.

टप्पा ९: उरलेलं आणि आठवड्याचा ताळा

उरलेली उसळ, पोहे, आंबील दुसऱ्या दिवशी विकायची नाही. भात ठेवत असाल तर तो विशेष जपा, शिजवलेला भात तसाच बाहेर राहिला की त्यात जंतू विष तयार करतात आणि परत फोडणी दिल्यानं ते जात नाही, त्यामुळं कालच्या भाताचा फोडणीचा भात गाडीवर अजिबात नको. गाडी बंद करायच्या अर्धा तास आधी उसळ गरमच असताना निम्म्या दरात काढून टाका, पण रोज एकाच वेळी नाही, नाहीतर लोक त्याच वेळेची वाट बघत बसतात.

आठवड्यातनं एकदा तीनच आकडे काढा. केल्या किती आणि खपल्या किती. तेलाच्या एका लिटरच्या पिशवीत किती ताटल्या झाल्या (हा आकडा वाढत गेला पाहिजे, तोच तुमचा पौष्टिकपणाचा खरा मीटर). आणि हाफ किती, फुल किती. हाफ अचानक वाढले तर त्या भागात काम कमी झालंय, दुसऱ्या दिवशी माल कमी करा.

दुसरं ठिकाण कधी जोडायचं? पहिल्या ठिकाणी सलग महिनाभर माल उरला नाही आणि तरी लोक परत जातायत असं झालं की. जोडताना दोन्हीमधलं अंतर बघू नका, वेळ बघा: सकाळी ७ ते ९:३० एमआयडीसी, मग भांडी धुऊन, ताजी उसळ भरून ११ ते १ वस्तीत. दोन्हीकडं एकच पातेलं फिरवायचं नाही, दुसऱ्या ठिकाणचं पातेलं वेगळं शिजवून आणायचं, त्यासाठी घरी एक माणूस लागतो आणि त्याची मजुरी तिसऱ्या टप्प्यातल्या हिशोबात टाकून ७१ चा आकडा परत काढायचा.